मदत हवी आहे: गाडी सकाळी सुरूच होत नाही, सोमवारी मिरज गाठायचं आहे

माणदेशी
चार दिवस झाले, सकाळी गाडी सुरू होत नाही. स्टार्टर दणकून फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी दिवाळीत नवी टाकली, प्लगही बदलले. मेकॅनिक म्हणतो पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, जुन्या गाड्यांचं आता असंच होणार. सोमवारी सकाळी आठला वडिलांचं मिरजेत डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि आम्ही विट्याला. लवकर सांगा. गाडी विकायचा सल्ला नको.

पाना_१३
कुठल्या सालची? इंजिन केवढं? गाडी किती दिवस उभी होती?

ऊस_उत्पादक
काही झालं की इथेनॉलला बोल लावायचा. आमच्या उसाचं बिल वेळेवर मिळायला लागलं ते मळीचं इथेनॉल पेट्रोल कंपन्या घेतात म्हणून. ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली तेव्हा कारखान्यांची काय धावपळ झाली ते आम्ही पाहिलंय.

रोजचे_४०_किमी
दादा, बिलाचं खरं असेल, पण ॲव्हरेज पडतं त्याचं काय? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) ६ ते ७ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. मग पंपावर दर तोच का?

चार्जिंगवाला
विकू नका म्हणालात, तरी सांगतो. दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. रात्री घरच्या सॉकेटला लावायची, सकाळी तयार. प्लग नाही, ऑइल नाही. अटल सेतूवर टोलही माफ.

रोजचे_४०_किमी
विट्याच्या माणसाला अटल सेतूचा काय उपयोग?

माणदेशी
२०१३ ची आहे, १००० सीसी. उभी नसते, रोज चालते. गंमत म्हणजे एकदा धक्का मारून गॅसवर पडली की दिवसभर काही त्रास नाही.

पाना_१३
गॅसवर? सीएनजी किट आहे हे आत्ता सांगताय! अहो, सगळं उत्तर तिथेच आहे. किट कुठली, साधी की सिक्वेन्शियल? आणि टाकीत पेट्रोल किती, कधी भरलेलं?

माणदेशी
सिक्वेन्शियल, बाहेरून बसवलेली. पेट्रोल रिझर्व्हला असेल. उन्हाळ्यात पाचशेचं टाकलं होतं, नंतर गरजच पडली नाही.

पाना_१३
हेच. सिक्वेन्शियल किट थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करते, तापलं की गॅसवर टाकते. म्हणजे रोज सकाळचे ते दोन मिनिट गाडी तुमच्या उन्हाळ्यातल्या पेट्रोलवर. टाकी रिकामी असली की आत हवा जास्त, हवेतली ओल जास्त. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं आणि पंप ओढतो तळातूनच. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, कायम रिझर्व्हवर ठेवलं की तोही जळतो.

आता हे करा. स्टार्टर न मारता चावी फक्त ऑन करा. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुंईं आवाज येतो का? येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. येत असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास न हलवता ठेवा. उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको.

ऊस_उत्पादक
म्हणजे दोष इथेनॉलचा नाहीच, साठवण्याचा.

पाना_१३
दोन्हीचा. साध्या पेट्रोलमध्येही पाणी तळाशी बसतंच, पण पेट्रोल असं फाटत नाही.

आरटीओ_काका
किट आरसी बुकवर आणि विम्यावर चढवलीय ना? नसेल तर अपघातात दावा अडतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवरची तारीख बघा.

माणदेशी
काका, चढवलीय. पण आत्ता प्रश्न गाडी सुरू करण्याचा आहे.

पाना भाऊ, आवाज येतोय. बाटली ओट्यावर ठेवली होती. वर पिवळसर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ थर, आणि मध्ये रेघ आखल्यासारखी. टाकीच्या झाकणाचं रबर बघितलं तर एका बाजूने चिरलंय. पाऊस तिथूनच गेला असणार. पण टाकी उतरवायला गॅरेज मंगळवार म्हणतंय.

पाना_१३
मग सोमवारी थेट गॅसवर सुरू करा. बऱ्याच सिक्वेन्शियल किटमध्ये सोय असते: चावी ऑन, किटचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, गॅसचा दिवा लागला की स्टार्टर. प्रत्येक किटची रीत थोडी वेगळी, बसवणाऱ्याला आजच फोन करून विचारा. अडचणीपुरतंच वापरा, थंड इंजिनात गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर गोठू शकतो. रविवारी रात्रीच गॅस फुल करून ठेवा.

चार्जिंगवाला
वडिलांच्या ऑपरेशनला शुभेच्छा. तब्येत कळवा.

माणदेशी
सोमवारी पहाटे साडेपाचला दुसऱ्या फटक्यात लागली. पावणेआठला दवाखान्याच्या दारात होतो. नानांचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. काल टाकी धुतली, फिल्टर आणि झाकण नवीन, दहा लिटर पेट्रोल टाकलं.

आरटीओ काका, प्लेट पाहिली. हायड्रो टेस्टची तारीख पुढच्या महिन्यात संपतेय. सांगली-कोल्हापूर भागात कुठे करतात?