मिलिंद आणि अलेक्झांडरचं नातं
अलेक्झांडर या ग्रीक नावाची फोड 'माणसांचा रक्षणकर्ता' अशी होते. त्यातला 'पुरुष' या अर्थाचा 'आंद्र' आंद्रेआस या नावामध्ये आहे, तसाच मिनँडर ऊर्फ मेनांद्रोसमध्येही. इ. स. पू. दुसऱ्या शतकातला हा यवन म्हणजे ग्रीक राजा. पालीत त्याचा मिलिंद झाला आणि 'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारत सुटतो. बारशाच्या पुस्तकांत 'मिलिंद = भुंगा' एवढंच असतं. संस्कृतात तो अर्थ आहेच, नाकारत नाही. पण औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयाचं (१९५०) नाव बाबासाहेबांनी ठेवलं ते या राजावरूनच. म्हणून तर परिसराचं नाव नागसेनवन!