प्लॅटी या मत्स्यटाकीतल्या माशाच्या पिल्लांची रंगजात कशी ओळखावी?

प्रश्न: माझ्या लाल प्लॅटी मादीच्या पिल्लांपैकी काहींच्या शेपटीच्या मुळाशी एक मोठा व दोन लहान काळे ठिपके दिसत आहेत, तर दोघांचे सर्वच पर काळे आहेत, टाकीतला नर मात्र पूर्ण पिवळा आहे. यांना कोणती जात म्हणावे?

उत्तर १: ठिपक्यांची पिल्ले ‘मिकी माऊस’ आहेत. काळ्या परांबरोबर ओठही काळे असतील, तर ती दोन निश्चितच ‘वॅगटेल’. मादी आधीच्या नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे टाकीतलाच नर पिता असेलच असे नाही.

उत्तर २: सहमत. अंगाचा मागचा अर्धा भाग काळा होत गेल्यास मात्र ‘टक्सेडो’ समजावे. रंग वयानुसार गडद होतात; ते पक्के होईपर्यंत कृपया पिल्ले जातीनुसार वेगळी काढू नका.