ऑकलंडचं तिकीट: दोन तुकड्यांत काढू नका

ताई, डिसेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरहून ऑकलंडला जायचंय म्हणालात आणि वर सिंगापूरपर्यंत एक, पुढं दुसरं अशी दोन स्वस्त तिकिटं कुणीतरी सुचवलीत. म्हातारी माणसं बरोबर असताना ते नकोच. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅगा बाहेर येऊन पुन्हा द्यायच्या झाल्या तर सिंगापूरचा व्हिसा लागू शकतो. सिडनीमार्गे गेलात तर आपल्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा हवा. त्याला फी नाही, पण अर्ज आधी करावा लागतो.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिकडं उन्हाळ्याची सुट्टी, भाडी चढलेलीच. मार्च-एप्रिल जमतंय का बघा.

आणि मुंबई गाठायचा वेळ हिशेबात धरा. आईला नेलं तेव्हा रात्रीची बस लोणावळ्याच्या घाटात चार तास अडकली. आई मांडीवरच्या पिशवीची चेन सारखी उघडून पासपोर्ट आहेत का बघत होती, बोलत काहीच नव्हती. विमान मिळालं, पण तिचे हात इमिग्रेशनपर्यंत गार होते. तेव्हापासून आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं एक दिवस आधीच मुंबईत जाऊन राहतो.