सोलर खरंच स्वच्छ, की नुसतं दिसायला स्वच्छ?

गच्चीवाला

नमस्कार मंडळी. गच्चीवर सोलर बसवायचं घरात जवळजवळ ठरलंय, मी स्वतः एकदम बाजूने, पण परवा मेव्हणा आला आणि सगळ्यांसमोर त्याने माझी हवाच काढली. त्याचं म्हणणं, पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात परत देत नाही, वर पंचवीस वर्षांनी त्याचा विषारी कचरा होतो, आणि हो, सोलर प्लांटवरून उडणारे पक्षी भाजून खाली पडतात म्हणे. मी आपला "असं काही नसतं रे" एवढंच म्हणत राहिलो कारण एकही आकडा तोंडपाठ नव्हता.

बिलाचा हिशेब मला कळतो, तो इथे नकोय. फक्त पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर फायदा किती, नुकसान किती, आणि मेव्हण्याचं यातलं काही खरं आहे का? जाहिरातीची भाषा न वापरता सांगा प्लीज.

तारतम्य

मेव्हण्याचा पहिला मुद्दा शिळा आहे, पण कुठून आला ते कळतं. पॅनल बनवायला वीज भरपूर लागते हे खरंच आहे. गारगोटीचा दगड कोळशासोबत विजेच्या भट्टीत घालून २००० अंशांच्या आसपास तापवतात तेव्हा त्यातून सिलिकॉन सुटतं, मग त्याचा वायू करून ते शुद्ध करायचं, मग परत १४१४ अंशांना वितळवून ठोकळे ओढायचे आणि ते हिऱ्याची पूड लावलेल्या तारेने कापून चकत्या काढायच्या. चकती किती जाड, तर ०.१५ मिमीच्या आसपास, आणि कापताना बराचसा माल भुकटी होऊन जातो तो वेगळाच. तर हे सगळं विजेवर चालतं.

पण ही वीज पॅनल बऱ्यापैकी उन्हाच्या जागी एक ते दोन वर्षांत फेडतं आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं चालतं. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेने पहिला कामाचा सोलर सेल (उन्हाची वीज करणारी चकती) दाखवला तेव्हा तो उन्हातली ६ टक्के ऊर्जा पकडायचा, आज बाजारातली पॅनल २० टक्क्यांच्या वर गेलीत आणि चकत्याही पातळ झाल्यात, म्हणजे माल कमी आणि वीज जास्त.

आता आकडा. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०१४ च्या अहवालात दगड खणण्यापासून भंगारापर्यंत सगळं धरून एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड पडतो ते दिलंय. मधला आकडा घेतला तर कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, मोठा सोलर प्लांट ४८, छतावरचं सोलर ४१. म्हणजे शून्य नाही. पवनचक्की ११-१२ वर आहे, म्हणजे सोलरपेक्षाही पुढे. "झिरो एमिशन" लिहिलेलं दिसलं की समजायचं फक्त गच्चीवर चढवल्यानंतरचं बोलतायत.

एक खटकणारी गोष्ट मात्र आहे. पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे आणि तिथली वीज अजून बरीचशी कोळशाची. म्हणजे धूर निघतो पण तुमच्या गच्चीवरून दिसत नाही.

रानवाट

+१, पण तारतम्य, तुम्ही सगळं कार्बनच्या तराजूत तोललंत. जमिनीचं काय?

आधी पक्ष्यांचं, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. पक्षी भाजले हे खोटं नाही. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात इव्हानपा नावाचा प्लांट २०१४ ला सुरू झाला, पण तिथे पॅनल नाहीतच, आरसे आहेत. एक लाख त्र्याहत्तर हजारांवर फिरते आरसे सगळं ऊन तीन टॉवरांच्या टोकावर फेकतात, तिथे पाण्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं. त्या झोतातून उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसांचा धूर निघायचा, तिथले लोक त्यांना "स्ट्रीमर" म्हणायचे. वर तिथली कासवं उचलून दुसरीकडे न्यावी लागली, आणि सकाळी बॉयलर गरम करायला गॅस जाळावा लागायचा तो आणखी निराळा. गच्चीवरच्या पॅनलवर कावळा येऊन निवांत बसतो, त्याला काही होत नाही. फार तर तो पॅनलवर घाण करून जाईल, आणि तो त्रास तुम्हाला, त्याला नाही.

आता जमीन. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. पडीक माळ समजून जिथे पॅनल टाकतात तो माळ बऱ्याचदा पडीक नसतोच, तिथे गवत असतं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, चरणारी जनावरं असतात, आपल्याला हिरवं दाट दिसत नाही म्हणून आपण त्याला ओसाड म्हणतो. ॲरिझोनात मोजमाप झालं होतं, २०१६ ला छापून आलं, सोलर प्लांटमध्ये रात्री आसपासच्या उघड्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंश जास्त गरम होतं. उलट पॅनल उंच बांधून खाली पीक घ्यायची, मेंढ्या चारायची सोय केली, किंवा तलावावर तरंगती पॅनल टाकली (पाण्याची वाफही कमी होते) तर तीच वस्तू उपकारक ठरते. छताला तर हा प्रश्नच नाही, छत आधीपासून सिमेंटचंच असतं. म्हणून मी छताच्या बाजूने आणि माळ सपाट करण्याच्या विरोधात, यात मला काही विसंगती वाटत नाही.

भंगारातला_माणूस

कचऱ्याचं मी सांगतो, जुनी पॅनल हाताळलीयत. गारांनी फुटलेलं एक पॅनल उघडून बघितलं होतं. चौकट ॲल्युमिनियमची, चार स्क्रू काढले आणि पान्याने जरा ढोसलं की निघते. मागची डबी आणि तांब्याच्या वायरी कापून घेतल्या. इथपर्यंतचा माल कोणीही आनंदाने उचलतो. गंमत पुढे आहे. काचेचा सगळा चुरा झालेला पण एक तुकडा खाली पडत नाही, कारण काच, सेल आणि मागचा प्लास्टिकचा पडदा हे सगळं एका चिकट थराने एकमेकांना असं धरून बसलेलं असतं की सुरी घातली तर सुरीच अडकते. वजनातला जवळपास पाऊण हिस्सा ही काचच, पण ती वेगळी स्वच्छ निघतच नाही. चांदी असते पण इतकी थोडी की ती काढायला बसणारा माणूस उपाशी मरेल. म्हणून काय होतं तर चौकट आणि वायर काढून उरलेलं सँडविच खड्ड्यात.

विषारी म्हणाल तर सिलिकॉनच्या पॅनलमध्ये सोल्डरमधलं थोडं शिसं असतं. कॅडमियम असतं ते कॅडमियम टेल्युराइडच्या पातळ थरवाल्या पॅनलमध्ये, आणि ती मुख्यतः मोठ्या प्लांटवर दिसतात. आयरीना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ ला अंदाज दिला होता की २०५० पर्यंत जगात ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत पॅनलचा कचरा साठेल. ऐकायला भयंकर वाटतं, पण कोळशाची राख दर वर्षी याच्या कित्येक पट निघते आणि तिच्यातही शिसं, आर्सेनिक, पारा आहेच. तिच्याबद्दल मेव्हणा काही बोलला का?

तरी कचऱ्याचा मुद्दा मी सोडत नाही. युरोपीय संघाच्या २०१२ च्या कायद्याने पॅनल परत घेणं बनवणाऱ्यावर बंधनकारक आहे. जिथे असा कायदा नाही तिथे ते खड्ड्यातच जातं, ज्याने बसवलं तो तोपर्यंत फोन उचलत नसतो.

गच्चीवाला

वा, एवढ्या माहितीची अपेक्षा नव्हती. पण रात्रीचं काय? बॅटरी घेतली तर परत तोच घोळ ना?

तारतम्य

घोळ बॅटरी कोणती यावर आहे. शिशाची साधी बॅटरी मेली की ती कोणीतरी अंगणात हातोड्याने फोडून शिसं काढतो, ॲसिड मातीत ओततो, आणि त्या मातीत पोरं खेळतात. सोलरच्या नावावर होणारं सगळ्यात वाईट नुकसान मला विचाराल तर हे आहे, पॅनलचं नाही. लिथियममध्येही फरक आहे, लोह-फॉस्फेटवाली घेतली तर निदान कोबाल्ट आणि निकेलच्या खाणींचं पाप लागत नाही. आणि ग्रिडला जोडणार असाल आणि वीज फारशी जात नसेल तर बॅटरी घेऊच नका. फक्त हे लक्षात ठेवा की संध्याकाळी ऊन उतरलं की सगळ्यांचं सोलर एकदम झोपतं आणि नेमके तेव्हाच दिवे-पंखे लागतात, ती तूट कोळसा किंवा गॅस भरून काढतो. जास्त वीज खाणारी कामं, पंप म्हणा, वॉशिंग मशीन म्हणा, दुपारीच उरकलीत तर तेवढा संध्याकाळचा कोळसा वाचतो.

अवांतर: धुताना भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो. सकाळी लवकर धुवा.

गच्चीवाला

खूप आभार सगळ्यांचे. मेव्हण्याला ४१ विरुद्ध ८२० पाठवलं, त्याने नुसता अंगठा टाकलाय 😄

एक शेवटची शंका. गच्चीला लागून मोठं झाड आहे, दुपारनंतर त्याची सावली कोपऱ्यात येते. बसवणारा म्हणतो झाड तोडा, सावली पडलेलं एक पॅनल अख्ख्या ओळीची वीज खाली खेचतं. सोलरसाठी झाड तोडायचं म्हणजे मला कसंतरीच वाटतंय.

रानवाट

सावलीचं तो खरं सांगतोय, पण उपाय एकच नाही. प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलची वीज वेगळी सांभाळणारी डबी) लावला की एकाच्या सावलीचा बाकीच्यांना त्रास होत नाही.

आणि नुसता कार्बन मोजायचा तर माझ्याच विरोधात बोलतो. ४०० वॉटचं एक पॅनल चांगल्या उन्हात वर्षाला पाचेकशे युनिट देतं, ती कोळशाची वीज असती तर साडेतीनशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड झाला असता. मोठं झाड वर्षभरात शोषतं तो त्याच्या जवळपासही जात नाही. पण झाड तुमच्या भिंतीवरचं ऊन अडवतंय, ते तोडलंत की खोली तापणार, एसी लागणार, आणि त्या झाडात राहणाऱ्यांचा आकडा आयपीसीसीच्या तक्त्यात नाही. थोडी पॅनल कमी लावा.

गच्चीवाला

बसवणाऱ्याला सांगितलं, झाड राहतंय. दोन पॅनल कमी झाली. उरलेली जुनी झाल्यावर परत नेणार का ते लिहून मागितलंय, तर म्हणाला असं अजून कोणी विचारलं नव्हतं. उद्या कळवतो म्हणालाय.