अँडीचा आवाज

‘टॉय स्टोरी’ या खेळण्यांवरच्या ॲनिमेशनपटांचा चौथा भाग काढून तिसऱ्यातल्या निरोपावर पाणी फिरवलं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. २०१० च्या तिसऱ्या भागात निरोप खेळण्यांचा मालक असलेल्या अँडीचा होता, २०१९ च्या चौथ्यात त्याच्या लाडक्या काउबॉय बाहुल्याचा, वुडीचा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९९५ च्या पहिल्या भागात अँडीला आवाज देणारा जॉन मॉरिस तेव्हा शाळकरी पोरगा होता. दुसऱ्या भागातही तोच, आणि तिसऱ्यात कॉलेजला निघालेल्या अँडीचा आवाजही त्याचाच. बॉनी या छोट्या मुलीला एकेक खेळणं देत देत अँडी वुडीपाशी अडखळतो ना, तो आवाज खरोखरच या सिनेमांबरोबर मोठा झालेला आहे. आमचा दादा सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंगला निघाला तेव्हा आईने माळा आवरायला काढला. पठ्ठ्याने मागचं चाक निखळलेला पत्र्याचा ट्रक भंगाराच्या पोत्यातून परत बाहेर काढला. ‘‘राहू दे गं, जागा किती खातोय?’’ ‘‘मग ने पुण्याला!’’ नेला नाही, अर्थात.

हिंदी डबिंगमध्ये पाहिलं असेल तर मॉरिसची ही गंमत हुकते. तिसरा भाग एकदा मूळ इंग्रजीतून बघा.