खंभातच्या अंबरमधला कीटक: तुकडा घासायचा कसा?

राळकण:
महाविद्यालयाच्या संग्रहात खंभात खोऱ्यातल्या, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतल्या अंबरचा (झाडाच्या अश्मीभूत राळेचा) बोराएवढा तुकडा आहे. आत दीड मिलिमीटरचे चिलट आहे, पण एक भेग नेमकी पंखावरून जाते. शिरा स्पष्ट दिसायला हव्यात. बाल्टिक अंबर घासायची पद्धत इथे चालेल का? वर कॅनडा बाल्समने (काच चिकटवायच्या पारदर्शक राळेने) काच चिकटवावी का?

भिंगवाला:
बाल्सम अजिबात नको, त्यात झायलीन हे द्रावक असते. बाल्टिक अंबरचे रेणू आडवे-उभे जोडलेले असल्याने ते द्रावकांना फारशी दाद देत नाही. खंभातचे अंबर सालाच्या कुळातल्या झाडांची राळ आहे. तिच्यात ती आडवी जोडणी नाही, त्यामुळे ती टोल्युइन, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. थिनरही लांबच ठेवा.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. मग 800, 1200, 2500 नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि फक्त हात. यंत्राच्या उष्णतेने पृष्ठभाग मऊ होतो आणि कागदाला धरतो. कागद बदलताना तुकडा धुवा, कारण आधीचा एक जाड कण राहिला तरी नवा ओरखडा उठतो. कीटकावर निदान अर्धा मिलिमीटर थर राहू द्या. शेवटी ओल्या नमद्यावर सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पूड.

शिळाछाप:
भेग आहे म्हटल्यावर घासण्याआधी इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी कृत्रिम राळ) हवे, नाहीतर तुकडा तिथेच दुभंगेल. भेगेतल्या हवेमुळे ती आरशासारखी चमकते आणि पंख झाकते. अंबरचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचे माप, 1.54च्या आसपास असतो. तेवढ्याच अपवर्तनांकाचे पातळ, पारदर्शक इपॉक्सी आत शिरले की ती जवळजवळ दिसेनाशी होते. हार्डवेअर दुकानातले पाच मिनिटांचे इपॉक्सी घट्ट असते, भेगेत उतरत नाही.

सिलिकॉनच्या लहान साच्यात तुकडा बुडेल एवढेच ओता. मोठा घाणा स्वतःच तापतो. निर्वात पात्रात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग हवा हळू सोडा. तो दाबच इपॉक्सी भेगेत ढकलतो. ते खोलीच्या तापमानाला वाळू द्या, ओव्हन नको. आधी कीटक नसलेल्या तुकड्यावर करून बघा.

राळकण:
टोल्युइनमध्ये विरघळवून कीटकच मोकळा केला तर?

भिंगवाला:
या अंबरमधून अख्खे कीटक असे काढले गेले आहेत. पण एकुलत्या नमुन्यावर करू नका. भेगाळलेला पंख सुटा होईल आणि वाळताना अंग आक्रसेल. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या 700हून अधिक संधिपाद (कीटक, कोळी यांसारख्या) प्राण्यांची 55 कुळे नोंदली गेली. त्यांचे नातेवाईक आशिया, युरोप, मध्य अमेरिकेत सापडल्याने, आशियाकडे सरकत असलेला तेव्हाचा भारत पूर्ण एकाकी होता हे मत मागे पडले. चावऱ्या चिलटांचा पुरावा त्यात महत्त्वाचा, म्हणून तुमचा नमुना जपा.

शिळाछाप:
घासायची बाजू पंखाला समांतर धरा. तिरकी झाली तर शिरांची लांबी चुकीची मोजली जाते. बघताना ग्लिसरीनचा थेंब आणि वर काच ठेवा, बारीक ओरखडे दिसणार नाहीत. नंतर पाण्याने धुवा आणि तुकडा अंधारात ठेवा.