मदत हवी आहे: हृदयाच्या आवरणातला टीबी, औषधं लगेच सुरू करावीत का?

आई, वय ५८. दीड महिना संध्याकाळचा ताप, वजन ६ किलोनं उतरलं, आडवं झालं की धाप. टूडी इकोत हृदयाभोवती बरंच पाणी दिसलं. गेल्या आठवड्यात सुईनं ७०० मिली काढलं, लालसर होतं.

त्या पाण्यात एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ६८, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त, कॅन्सरच्या पेशी नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) मात्र निगेटिव्ह. कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) लावलंय, त्याला ६ आठवडे लागू शकतात. खोकला नाही, त्यामुळे थुंकी मिळत नाही. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं स्वच्छ, पण छातीच्या मधल्या गाठी सुजलेल्या. एचआयव्ही, एएनए (ल्यूपससारख्या आजारांची तपासणी) निगेटिव्ह. थायरॉइड, क्रिएटिनिन नॉर्मल. शुगर आहे, गोळ्या चालू. घरात आधी कुणाला टीबी झालेला नाही.

हृदयतज्ज्ञ म्हणतात, या पाण्यात जंतू फारच थोडे असतात, सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. ६ महिन्यांचं एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू, सोबत स्टिरॉइड. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी आवरणाची बायोप्सी करा. ती सोय ४ तासांवर आहे आणि आईला इतका वेळ बसवत नाही. थांबलो आणि आवरण जाड होऊन हृदयालाच आवळू लागलं तर, ही धास्ती जास्त वाटते.

कुणी यातून गेलं असेल किंवा डॉक्टर असाल तर सांगा: एवढ्यावर एकेटी सुरू करणं योग्य आहे का, की आधी छातीतल्या गाठीतून सुईनं नमुना घ्यायचा आग्रह धरू? आणि शुगर असताना स्टिरॉइड कसं सांभाळलंत?